वाईनवर जुळलेली पत्रिका

काळाचौकी, मुंबई

चि. हेरंबास सीताराममामाचे पोटभर आशीर्वाद.

मामीचे गुडघे सोडल्यास इकडे सगळे चालते आहे. तुला बंगळूरची हवा मानवत असेलच. अमेरिकेची मानवली, तिथे बंगळूरची काय कथा.

तू पाठवलेला तुझा जुना संगणक पोचला. तू म्हणतोस त्याप्रमाणे त्यात विंडोज नाही, लिनक्स आहे; आणि ते फुकट असून थोर आहे. (फुकट आणि थोर माणसे आम्ही गिरणीच्या संपात पुष्कळ पाहिली.) अडचण एवढीच, की पत्रिका जुळवायची सीडी विंडोजची निघाली. तुला फोन केला, तर वाईन टाका म्हणालास. मी "वाईन?" असे जरा मोठ्याने विचारले आणि अर्धी चाळ दारात जमली. वाईन हा प्रोग्रॅम असून तो विंडोजवाल्या पाहुण्याला आपण स्वतःच्याच घरी आहोत असे भासवतो, हे पटवेपर्यंत मामीने देवापुढे नाक घासले होते.

आमची मीनाक्षी आणि लोअर परळचा आनंदा हिंदमाताला एकाच साडीच्या दुकानात कामाला. त्यांचे केव्हाच जुळले होते. उरला होता मीनाक्षीचा मंगळ. आनंदाचे वडील दौलतराव माझ्याच गिरणीतले. संपात लाठ्या खाऊन हलला नाही हा गडी, पण मंगळाला भितो. पत्रिका जुळली तरच लग्न, म्हणाला.

रविवारी बापलेक आले. मी तारखा घातल्या. अक्षरांच्या जागी चौकोन उमटले, पण आकडे ठळक होते: छत्तीसपैकी एकतीस गुण, मंगळाच्या घरात शून्य दोष. मामीने पेढे फिरवले. मग मला दिसले, की सात नोव्हेंबरची मीनाक्षी अकरा जुलैला जन्मली आहे. मी घातले ७-११, आणि तुझ्या संगणकात अमेरिकेच्या रीतीने महिना आधी! (आनंदा पाच मेचा, तो उलटला तरी सुलटाच.) मी दुरुस्तीला हात पुढे केला, तर चहा घेऊन आलेली मीनाक्षी कानाशी म्हणाली, "बाबा, तारखेला हात लावू नका." मी छपाईचे बटण दाबले.

लग्न वैशाखात. रजा आत्ताच टाक.

तुझा,
सीताराममामा

ता. क. या संगणकात विंडोज घालून देण्याची गोष्ट पुन्हा काढू नकोस.

आणखी ता. क. काल दौलतराव एकटेच आले. म्हणाले, "सीताराम, तुझ्या पोरीच्या बारशाला मी होतो. दिवाळीचा फराळ खाल्ला होता." मी घाईघाईने चहा सांगितला. ते मात्र खुर्ची ओढून संगणकापुढे बसले. त्यांच्या थोरल्या लेकीला, चंपाला, मंगळामुळे तीन ठिकाणांहून नकार आला आहे. तिचीही पत्रिका इथेच काढायची म्हणतात. पण ती जन्मली एकोणीस तारखेला. तेव्हा वर्षाला एकोणीस महिने असलेला एखादा देश तुझ्या पाहण्यात असल्यास तातडीने कळव.