बेल वाजेपर्यंत मी ब्लेंकिन्सॉप

प्रेस्टन,
मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप अगाथाताईस,

धाकट्या विनिफ्रेडचा नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत म्हणून उभ्यानेच केला आहे. मी वाकून केला असं समजून घे.) मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुला नीट दिसतं का, व्हिटबीचा वारा अजून तसाच अंगावर येतो का, आणि शेजारणीने कुंपण पुन्हा तुझ्या बाजूला सरकवलं का, हे सगळं सविस्तर कळव. माझी प्रकृती उत्तम आहे. ती उत्तम आहे हे गेली दोन वर्षं मला रोज पुराव्यानिशी सांगितलं जातं, कारण तुझी नात व्हेरिटी माझ्याकडे राहते आणि तिला तपासायला घरात दुसरं कोणी नाही. आज मी फार आनंदात आहे आणि फार संतापलेही आहे, त्यामुळे अक्षराकडे बघू नकोस. गेल्या गुरुवारी व्हेरिटीला विद्यापीठातून काढून टाकायची वेळ आली होती, आणि ती माझ्यामुळे आली होती. पुढे काय झालं ते क्रमाने सांगते. पत्राचा शेवट आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे, म्हणून निकाल मी मुद्दाम मधे कुठेतरी लिहिला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. ईस्टरच्या जेवणात सगळ्यांसमोर तू तिला ‘अर्धी डॉक्टर’ म्हणालीस आणि तेव्हापासून तुम्ही दोघी बोलत नाही. ती होणार आहे ते फिजिशियन असोसिएट म्हणजे अर्धा डॉक्टर नव्हे, ताई. आधी पदवी घ्यायची (तिची समुद्री जीवशास्त्राची आहे, ब्लॅकपूलच्या मत्स्यालयात ती चांगली रुळली होती), मग दोन वर्षं परत शिकायचं, दवाखान्यात आणि इस्पितळात राबायचं, आणि नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंट तपासायचे. जे आपल्याला कळत नाही ते डॉक्टरांना जाऊन विचारायचं, हेसुद्धा त्यांना शिकवतात. आमचे डॉक्टर भाऊजी, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, पस्तीस वर्षं पूर्ण डॉक्टर होते आणि त्यांनी उभ्या जन्मात कोणाला रस्तासुद्धा विचारला नाही. आपण स्कॉटलंडला जायला निघून वेल्सला पोचलो होतो, आठवतं ना?

तर या मुलीने माझ्या घराचा दवाखाना केला. पावाच्या डब्यात स्टेथोस्कोप. बाथरूमच्या आरशावर मज्जातंतूंची नावं, तीही लिपस्टिकने, आणि लिपस्टिक माझी. फादर किन्सेला शुक्रवारी बटाट्या-कांद्याची पेस्ट्री खायला आले (मी आजही शुक्रवारी मांस शिजवत नाही, इतरांचं त्यांच्यापाशी), तर तिने त्यांच्या गुडघ्यावर हातोडी मारली आणि त्यांच्या पायाने चहाचा ट्रे पडद्यापर्यंत गेला. फादर म्हणाले, ‘मुली, प्रवचनाच्या वेळी लोकांना असं जागं ठेवता येईल का?’ मला सगळ्यात राग यायचा तो तिच्या प्रश्नांचा. पोटात दुखतं म्हणावं, तर मान कलती करून विचारणार, ‘तुला काय वाटतं, कशाने दुखत असेल? तुला कसली भीती वाटते? माझ्याकडून काय व्हावं असं वाटतं?’ मी म्हटलं, ‘हे मलाच ठाऊक असतं तर मी तुझ्याकडे कशाला आले असते?’ ती म्हणाली, ‘मावशीआजी, हे नाही विचारलं तर मार्क जातात.’ मग काय, रोज सकाळी पॉरिज ढवळत मी माझ्या भीत्या सांगायचे. गॅस कंपनीच्या तक्रार खिडकीवर तीस वर्षं मी लोकांची गाऱ्हाणी ऐकली, आता देवाने माझी ऐकायला माणूस पाठवलं होतं.

आता माझा मूर्खपणा. त्यांच्या परीक्षेत खोटे पेशंट असतात. म्हणजे माणसं खरी, दुखणी खोटी. एकेका पडद्याआड एकेक पेशंट बसतो, कोपऱ्यात परीक्षक, आणि बेल वाजली की विद्यार्थी पुढच्या पडद्याकडे पळतो. या पेशंटच्या कामाला त्यांना आमच्यासारखी रिकामी म्हातारी माणसं लागतात. मी व्हेरिटीला न सांगता नाव दिलं. मला बघायचं होतं की या मुलांना नक्की कशावर पास करतात. ओळखीचा विद्यार्थी आला तर आधी सांगायचं असा नियम आहे, आणि मी तो पाळला होता. कोर्सच्या प्रमुख डॉ. क्वार्म्बी यांना मी सांगितलं की माझी एक नात दुपारच्या तुकडीत आहे, मला सकाळची द्या. त्यांनी बाकी सगळ्यांसारखी मलाही तालीम दिली आणि बजावलं, ‘बेल वाजेपर्यंत भूमिका सोडायची नाही. छत कोसळलं तर ते तुमच्या पात्राच्या डोक्यावर कोसळलं पाहिजे.’ नन्सच्या शाळेत अकरा वर्षं काढलेल्या बाईला असं सांगू नये. ती ते पाळते.

मी झाले श्रीमती ब्लेंकिन्सॉप. छातीत दडपण, तिला वाटतं अपचन. नवरा नुकताच गेलेला, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही. पहिली चारपाच मुलं येऊन गेली. सगळ्यांची मान एकाच कोनात कलती. एकाने हात न धुता माझी नाडी धरली, त्याला मी ब्लेंकिन्सॉपबाईंच्या तोंडून सुनावलं (त्या माझ्यापेक्षा फटकळ आहेत असं मी ठरवलं होतं). ताई, काय सांगू, मी रंगात आले होते. आपल्या शाळेच्या नाताळच्या नाटकात मला नऊ वर्षं मेंढी केलं, याचा सूड मी त्या सकाळी घेतला.

आणि बेल वाजून पडदा सरकला तर समोर व्हेरिटी. दुपारच्या तुकडीतल्या काही मुलांना सकाळी घेतलं होतं, एवढंच, आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा पिठासारखा झाला. पण तिने क्षणाचाही विचार केला नाही. परीक्षकाकडे वळून म्हणाली, ‘सर, मला ही परीक्षा इथे देता येणार नाही. या माझ्या मावशीआजी आहेत.’

परीक्षकाने माझ्याकडे पाहिलं. तरुण, दाढीवाला, चेहऱ्यावर झोप. आणि मी, बेल वाजली नव्हती म्हणून, म्हटलं, ‘छे, मी हिला आज पहिल्यांदा बघतेय.’

‘मावशीआजी, प्लीज. सकाळी तूच मला पॉरिज वाढलंस.’

‘बाळ, मी ब्लेंकिन्सॉप. मला पॉरिज सोसत नाही.’

‘तुझ्या पायात माझे मोजे आहेत.’

होते, ताई. जांभळे, त्यावर ऑक्टोपस. मी म्हटलं, ‘हे माझ्या कैलासवासी नवऱ्याचे आहेत,’ आणि डोळे पुसले. तो दाढीवाला इतका सवयीचा गुलाम, की त्याने समोरच्या यादीत ‘नवऱ्याचा मृत्यू उघड झाला’ यावर खूण केली. मग बेल वाजली. गुरूला तीनदा ओळख न दाखवणाऱ्या बायबलातल्या त्या शिष्याला आपण धर्माच्या तासाला किती नावं ठेवायचो. त्याला निदान कोंबडा आरवल्यावर रडायची सवड मिळाली. माझ्यापुढे पुढचा विद्यार्थी येऊन बसला होता, आणि पेशंट उठून गेली तर रांगेतल्या सगळ्यांचीच परीक्षा बुडाली असती. उरलेल्या मुलांसमोर मी खरी रडत होते आणि माझ्या छातीत खरंच दडपण आलं होतं. त्या सगळ्यांना सहानुभूतीचे पूर्ण मार्क मिळाले म्हणे. एक मुलगी तर रुग्णवाहिका बोलवायला निघाली होती. ती पुढे चांगली निघेल.

सुट्टी झाल्यावर मी क्वार्म्बीबाईंच्या खोलीत धावले, तर व्हेरिटी आधीच तिथे उभी. दाढीवाल्याने कळवलं होतं की ही विद्यार्थिनी अवघड पेशंट टाळण्यासाठी खोटं बोलली. आणि खोटं बोलणाऱ्याला तिथे दुसरी संधी नाही. दोन वर्षं, मत्स्यालयातली सोडलेली नोकरी, तुझ्याशी धरलेला अबोला, सगळं त्या ऑक्टोपसच्या मोज्यांवर लटकलं होतं. मी म्हटलं, ‘मी हिची मावशीआजी आहे. हिची आजी माझी सख्खी थोरली बहीण.’

क्वार्म्बीबाईंनी चष्मा काढला. ‘तासाभरापूर्वी तुम्ही नाही म्हणालात. मी आत्ता नक्की कोणाशी बोलतेय, ब्लेंकिन्सॉपबाईंशी की खऱ्या मिस थ्रेलफॉलशी?’

‘भूमिका सोडू नका असं तुम्हीच सांगितलंत,’ मी म्हटलं.

‘इतकी?’ त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘तुमची नात दुपारच्या तुकडीत होती, आणि तिचं नाव तुम्ही दिलं नव्हतंत. आडनावं वेगळी, आणि विद्यार्थ्यांसाठी रडून गळ घालणारी माणसं मी पाहिली आहेत. मी कशावर विश्वास ठेवू?’

तेव्हा व्हेरिटी बोलली, आणि त्यांच्याशी नव्हे, माझ्याशी. ‘तुला न विचारता यायची गरजच काय होती?’ मी म्हटलं, ‘मला न विचारता माझी लिपस्टिक वापरायची काय गरज होती?’ ती म्हणाली, तू गरम पाण्याची पिशवी लपवून ठेवतेस. मी म्हटलं, तू ती उकळत्या पाण्याने फोडू नयेस म्हणून. ती म्हणाली, तूही आजीसारखंच करतेस, सगळं तुमच्या मनासारखं व्हायला हवं, तुम्ही दोघी बहिणी एका साच्यातून काढल्यात. (हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. मलाही ते लागलं.) मी म्हटलं, खबरदार माझ्या बहिणीला काही बोलशील तर. आम्ही ओल्या टॉवेलांपर्यंत पोचलो तेव्हा क्वार्म्बीबाईंनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाल्या, ‘पुरे. नातं सिद्ध झालं. परक्या माणसाशी इतकं कोणी भांडत नाही.’

दुपारी तिची तेवढी परीक्षा परत झाली, एका निवृत्त बस निरीक्षकावर, जो म्हणे इतका कण्हत होता की शेजारच्या पडद्याआडच्या पेशंटला आपलं दुखणं आठवेना. दाढीवाल्याने तिची माफी मागितली. माझी नाही. आणि आज सकाळी निकाल आला. व्हेरिटी पास झाली आहे, ताई. त्या एका पेशंटला तर वर्गात सगळ्यात जास्त मार्क. मी रस्त्यावर जाऊन पोस्टमनला सांगितलं. तो म्हणाला, ‘माझ्या खांद्याचं बघते का ती?’ बघितलं.

फादर किन्सेलांचा आशीर्वाद कळवते. थंडीत जपून राहा.

तुझी धाकटी,
विनिफ्रेड

ता.क. क्वार्म्बीबाईंनी मला पुन्हा बोलावलेलं नाही. पण पुढच्या वर्षी त्यांना एक पेशंट हवी आहे: डॉक्टरची विधवा, कोणाचं ऐकत नाही, औषध घेत नाही, समोरच्याला कमी लेखते. मी तुझं नाव दिलं आहे. पाठांतर करावं लागणार नाही.

ता.क. दोन. ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते राहिलंच. व्हेरिटीला नोकरी लागली आहे, भाऊजींच्याच जुन्या दवाखान्यात. व्हिटबीत तिला राहायला जागा हवी आहे. तुझी मागची खोली रिकामी असते. ती स्वतः विचारणार नाही, तुझीच नात आहे. तू फोन कर, आणि कृपा करून तिचं अभिनंदन आधी कर, नियम नंतर सांग.

ता.क. तीन. खोली देणं जमणार नसेल तर स्पष्ट कळव, संकोच करू नकोस. प्रेस्टनमध्येही दवाखाने आहेत. तिच्या खोलीचे पडदे मी कालच धुऊन परत लावले आहेत.