गनला लावलेली चिंच

दसरा, २००३. मोखाडा.

अंग मोडून आलंय, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. गाड्या धुवायचं मशीन अख्खा पावसाळा जपलं. गाड्यांवर ॲसिड मारून झालं की पंपातून साधं पाणी सोडायचं, फवाऱ्याची गन पुसून तेलाचा हात फिरवायचा. एक दिवस चुकलो नाही. आणि आज पूजेला बसतो तर गनच्या लोखंडी नळीवर तांबडा गंज! वाटलं, ॲसिडच राहिलं. कुठे चुकलो? मग पितळी तोंडाच्या आट्यांत चिंचेचा चोथा दिसला.

आईनं काल अख्खी गन चिंच-मिठानं घासली होती, देवाच्या तांब्यासारखी. तेल निघून गेलं, मीठ रात्रभर बसलं.

हळदकुंकू वाहताना म्हणाली, "तू तिला नुसती तेलकट ठेवतोस. आता कशी लखलखते बघ."

"लखलखते," म्हटलं. सणाच्या दिवशी दुसरं काय बोलणार?

संध्याकाळी पॉलिश पेपरनं गंज काढत बसलो, तर आई जवळ येऊन उभी राहिली. बघत होती. मग उरलेली चिंच माझ्या हातावर ठेवली.

"कोपरे राहिलेच होते रे. माझ्या बोटांत आता जोर नाही."