सरकारांची टाकी दारातून जात नाही

तीर्थस्वरूप मामा,

जावयाचा कडक इस्त्रीचा, एकही सुरकुती नसलेला नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंशी तुमचं वाजलं, असं दादांकडून कळलं. त्या दहा म्हणतात आणि नवावरच थांबतात, हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला कसं खपावं! (ऑपरेशननंतर तुमचा मुक्काम लेकाकडे, म्हणजे दादा बिचारे मधल्या मधे भरडले जात असतील. त्यांनाही नमस्कार सांगा.) इकडे सर्व क्षेम. 'सर्व'मध्ये सरकारही आले, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मधला मजकूर सोडून थेट शेवटावर जाल. तुमचा गोल्डफिश जिवंत आहे, खातो आहे, आणि त्याच्या डोक्यावरचा तो लाल टोप आता फुलकोबीच्या गड्ड्यासारखा भरला आहे. आता पाणी पिऊन पुढचं वाचा.

ऑपरेशनला जाताना तुम्ही सरकारांना आमच्या दुकानात सोडायला थांबलात तेव्हा दारात टॅक्सी उभी, तुम्ही कुबडीवर आणि तोंडाने सरकारांच्या पाण्यावर व्याख्यान चालू. माझ्या हातात तापलेली इस्त्री आणि इस्त्रीखाली कुणाची तरी रेशमी साडी. त्या धांदलीत माझ्या ध्यानात एवढंच राहिलं, की पाणी स्वच्छ ठेवायचं. मामा, लाँड्रीवाल्याला स्वच्छता सांगणं म्हणजे आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. फिल्टरमधला स्पंज बघितला तर तपकिरी! आमच्या दुकानात तपकिरी वस्तू तशीच ठेवणं म्हणजे धंद्याला काळिमा. मी तो उकळला, चोळला, पिळला आणि दोन चिमटे लावून उन्हात वाळत घातला. खडे घासले, काचा घासल्या, जुनं पाणी सगळंच्या सगळं ओतून दिलं. (नवं पाणी मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे आदल्या दिवशी भरून ठेवलं होतं, तेवढे मार्क द्या.) सरकारांच्या पांढऱ्या पोटाला उठाव यावा म्हणून दोन थेंब नीळही घालणार होतो, पण तुमच्या मुलीने बाटली हातातून काढून घेतली आणि कपाटात कुलूपबंद केली.

थोड्याच दिवसांत पाणी खळीसारखं पांढुरकं झालं. सरकार वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. ते बघून माझ्या आईचं काळीज तुटलं. कुणाचं तोंड उघडं दिसलं की तिला ते भुकेलंच वाटतं. (मी याच कारणाने लहानपणापासून गोल आहे.) तुम्ही सांगितलं होतं चिमूटभर. पण तुमच्या खात्याने चिमूट कधी प्रमाणित केली नाही, हा तुमच्या नोकरीतला मोठाच दोष. तुमच्या मुलीची चिमूट दागिने तोलल्यासारखी, माझी इस्त्रीने जाड झालेल्या बोटांची आणि आईची चिमूट म्हणजे जवळपास मूठ. शिवाय कपडे न्यायला आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक जाता जाता पुण्य मिळवून जायचं. अति तिथं माती. एका सकाळी सरकार एका कुशीवर तरंगताना दिसले, पोट फुगलेलं, शेपूट थंड. माझी पाचावर धारण बसली. तुम्हाला फोन लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. लग्नापासून तुम्ही मला पाण्यात पाहता, त्यात आता याच पाण्यात तुमचा मासा उताणा झाला तर तोंड कुठे दाखवायचं?

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाई पांढरे कोट घेऊन आल्या. त्यांच्या दवाखान्यातही गोल्डफिश आहेत. टाकीकडे बघून त्यांनी आधी मला विचारलं, की स्पंज इतका पांढरा कसा? मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. स्पंजातला तो तपकिरी थर म्हणजे माशाची घाण पचवणारे जंतू, आणि मी ते सगळे उकळून वाळत घातले होते! मग त्यांनी आपल्या टाकीतला मळका स्पंज आणून आमच्या टाकीत पिळला. मामा, उभ्या आयुष्यात माझ्या दुकानात येऊन कुणी मळ घालून गेलं नव्हतं, आणि मी हात जोडून उभा! खाणं बंद. मग सालं काढून कुस्करलेला उकडलेला मटार, तोही कणभर. रोज थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच रात्रभर भरून मुरवलेलं, मनगटाला गारही नाही आणि गरमही नाही असं घालायचं, हे आम्ही पहाटे उठून केलं. आईला मटार सोलायला बसवलं, म्हणजे तिचे हात गुंतून राहतील. सरकार हळूहळू सरळ झाले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आणि मग ते वाढायलाच लागले. आता खाणं भिजवून, बुडेल असं आणि थोडं थोडं. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळतो (डोळे मिटून). ती जुनी टाकी अपुरी पडली, म्हणून मागच्या खोलीत मोठी टाकी बसवली. तिथले कपड्यांचे गठ्ठे मी माळ्यावर टाकले. खिडकीतून उजेड येतो, ऊन येत नाही. जवळ हाताची खुर्ची ठेवली आहे. सरकार प्रत्येकाला बघून काचेपाशी येतात आणि मग आमच्या मागे बघतात. मला वाटतं, ते तुम्हाला शोधतात. आई म्हणते, मटार शोधतात.

आपला,
डाग धुऊन निघालेला जावई

ता. क. पुढच्या रविवारी तुम्ही सरकारांना न्यायला येणार असं कळलं. पण मामा, नवी टाकी दारातून बाहेर जात नाही. चौकट अरुंद आहे. सरकारांना लहान टाकीत घालून त्या तीन मजले चढायच्या घरात न्यायचं, हे मला बघवणार नाही. मागची खोली तळमजल्यावर आहे, तुमच्या गुडघ्याला पायरी नाही. लेकीकडे कायमचं राहणार नाही, असं तुम्ही म्हणता. मग आमच्याकडे नका राहू, सरकारांकडे राहा. तुम्ही एकटे राहता, ते आम्हाला बरं वाटत नाही.

दुसरा ता. क. येताना चिमूट मोजायला काहीतरी आणा. आईपुढे माझं काही चालत नाही.

बाबा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून चार ओळी माझ्या. पहाटे उठून पाणी बदलणारे 'आम्ही' म्हणजे कोण, ते तुम्ही ओळखलं असेलच. टाकी आणायच्या आधी हे दोनदा चौकट मोजत होते, ते मी पाहिलं. नंतर मीही मोजली, तुमचीच मुलगी ना. टाकी आरामात बाहेर जाते, वर चार बोटं जागा उरते. तुम्हाला हे ठाऊक आहे, असं यांना कळू देऊ नका. आणि येताना तुमची मोजपट्टी तेवढी दादाकडेच विसरून या.