बोर्डाच्या पलीकडची पावलं

नालवाडी, वर्धा
८ फेब्रुवारी २०२५

चि. जागृती हिस,
आबाजींचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तळहाताने वाळू सारखी करण्याचा आवाज तू कधी ऐकला नसशील. मी पहिल्यांदा ऐकला तो १९७१ साली, कारंज्याकडच्या जंगलातल्या एका गावात. शाळेत पाट्या नव्हत्या. पोरं नाल्यातली वाळू आणून पाटावर पसरायची आणि बोटाने अक्षरं काढायची. अक्षर तपासून झालं की मी म्हणायचो, "पुसा". मग पस्तीस तळहात एकदम फिरायचे. सर्रर्र. जणू कोणी शेजारच्या खोलीत तांदूळ पाखडतंय. आज सकाळी आजी अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत होती आणि मला तो आवाज आठवला, म्हणून पुन्हा कागद घेऊन बसलो.

इकडे सगळं ठीक. तुझी आजी बरी आहे, गुडघा सोडून. राकेशने, म्हणजे तुझ्या बापाने, परसातल्या बोरीला कुंपण केलं, तरी शेजारची पोरं येतातच. येऊ देत. सकाळी उन्हात खुर्ची टाकून बसलो की मला कशाचीच कमी वाटत नाही. पेन्शन वेळेवर येते, दात अजून नऊ शिल्लक आहेत, आणि चौथीच्या पुस्तकातल्या कविता ओळीने पाठ आहेत. आजी म्हणते, "कालचं जेवण आठवत नाई अन् पन्नास वर्षाच्या कविता आठवते." मी म्हणतो, कालच्या जेवणाला यमक नव्हतं.

फोनवर तुला सांगितलं होतं की ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल उदेपूर-चितोडला गेली होती. ते खरं आहे. पण तिथून ती आणखी पुढे गेली. जैसलमेरला. तिथून वाळूच्या टेकड्यांवर. ते मी तुला सांगितलं नाही.

तूच म्हणाली होतीस, "आबाजी, इकडे येजो नोका. मले सुट्टी भेटणार नाई, अन् पर्यटकाइले बोर्डाच्या पुढं सोडत नाई." तुझं बरोबर होतं. पण तू सीमेवरच्या दलात भरती होऊन गेलीस त्या दिवशी मी सेवाग्राम स्टेशनवर आलो नव्हतो, हे तुझ्या लक्षात असेलच. पाय दुखतो म्हणालो होतो. पाय दुखत नव्हता. तू डी.एड. करून मास्तरीण व्हावीस अशी माझी हौस होती, ती मोडली म्हणून रुसलो होतो. म्हाताऱ्या माणसाने रुसणं फार वाईट दिसतं. तीन वर्षं मनात होतं की एकदा, लांबूनच, तू कुठे उभी राहतेस ते बघावं.

आणि वाळवंट. पोरी, छत्तीस वर्षं मी वर्गात वाळवंटाची कविता शिकवली, वाळवंट न बघता. वाळू तापलेली असते असं हात नाचवून सांगायचो. सकाळी आठला त्या वाळूत पाय ठेवला तर धाम नदीच्या काठासारखी गार. छत्तीस वर्षांच्या पोरांची माफी कुठे मागू?

आमचा ड्रायव्हर खेताराम. पंचविशीतला, कानात बाळी, बोलणं कमी. टेकडी चढायच्या आधी त्याने चारही चाकांतली हवा थोडी सोडली. हरिदास, आपला दवाखान्यातून रिटायर झालेला कंपाउंडर, घाबरला. "अबे, हवा काऊन काढून राह्यला? पंक्चर हाय का?" खेताराम म्हणाला, "बाबाजी, चाक ढिलं असलं की वाळू धरतं. ताठ राहिलं तर रुततं." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. मग जीप अशी चढली आणि अशी उतरली की हरिदासचा सकाळचा पोहा वाळवंटाला अर्पण झाला.

तुमची माणसंही दिसली. त्यांची हिरवी गाडी टेकड्यांच्या कडेकडेने फिरत होती. सगळा दिवस ती मौज करणाऱ्यांच्या पाठीशी. चारचाकी फटफट्या उडवणाऱ्या पोरांपैकी एकाचा खांदा निखळला, तर तुमच्याच जवानाने झोळी बांधून दिली. कोणाची जीप रुतली, दोर लावून ओढली. दुपारी एकाने प्रत्येक गाडीपाशी येऊन माणसं मोजली आणि पाणी आहे का विचारलं. मला वाटलं होतं सीमेवरचा शिपाई म्हणजे बंदूक आणि दुर्बीण. हा तर सहलीला नेलेल्या पोरांची हजेरी घेणाऱ्या मास्तरासारखा. खरं सांगतो, त्या क्षणी माझा रुसवा गेला. म्हटलं, आमची पोरगी मास्तरीणच झाली की.

तो जवान गेल्यावर खेतारामने जीप बोर्डाशी थांबवली. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं: सीमावर्ती क्षेत्र, यहाँ से आगे पर्यटकों का प्रवेश वर्जित. हरिदासला मोतीबिंदू, म्हणून मी तो बोर्ड मोठ्याने वाचून दाखवला. खेतारामनेही बजावलं, "यहीं बैठना, आगे मत जाना," आणि एक रुतलेली जीप काढायला तो फावडं घेऊन गेला.

दूर एक मनोरा दिसत होता. त्यावर एक ठिपका हलला.

मी गेलो, जागृती. दुसरं काय लिहू.

पाव तास चाललो असेन. वाटेत कविता म्हणत होतो, दर कडव्याला थांबत होतो. मग समोर वाळूचा एक लांबच लांब पट्टा आला, इस्त्री केल्यासारखा सपाट, एक काडी नाही. मला पस्तीस तळहात आठवले. काही न कळून मी त्यावर पाय ठेवला आणि चांगला मधोमध जाऊन उभा राहिलो.

तो पट्टा कशासाठी असतो ते तुला मी काय सांगणार. तुम्ही रोज तो सारखा करता आणि रोज त्यावर पाऊल उमटलंय का बघता.

दोन जवान आले. ओरडले नाहीत. एकाने हात धरला, दुसऱ्याने पाणी दिलं. चौकीवर नेऊन खुर्ची दिली, चहा दिला. हरियाणाकडचा एक हवालदार होता, मिशा मोठ्या, आवाज मऊ. आधार कार्ड बघून नाव-पत्ता लिहून घेतला आणि विचारलं, "बाबा, बोर्ड नहीं पढ़ा?"

इथे माझं हे पत्र आठ दिवस अडून राहिलं होतं. रोज इथपर्यंत यायचो आणि कागद घडी करून ठेवायचो.

मी म्हणालो, "पढ़ना नहीं आता."

पुढे विचारलं, "ड्रायवर ने रोका नहीं?" मी म्हणालो, "नहीं बोला कुछ."

आणि मग त्याने सहज विचारलं, "इधर कोई जान-पहचान वाला है?" मी म्हणालो, कोणी नाही.

त्याने शाईचं पॅड पुढे केलं आणि मी त्या वहीत अंगठा उठवला. माझ्या बापाने जन्मभर अंगठाच उठवला. छप्पन साली दीक्षा घेऊन आला तेव्हा मला मांडीवर घेऊन म्हणाला होता, असं माझी आई सांगायची, की या पोराच्या बोटाला शाई लागली तर ती लेखणीचीच लागेल. निवृत्त मुख्याध्यापकाने, गोविंदा थूलच्या लेकाने, अंगठा उठवला.

का, तर मला वाटलं की थूल, वर्धा, एवढं वाचलं की त्यांना कॉन्स्टेबल जागृती थूल आठवेल. तुझा आजाच नियम मोडतो असं तुझ्या वरिष्ठांना कळलं तर तुझ्या नोकरीचं काय? त्या घटकेला मला ते शहाणपण वाटलं. तुझ्यासाठी खोटं बोललो असं वाटलं. पण तुझ्यासाठी बोललो असतो तर घरी येऊन तुला सांगितलं असतं ना?

तेवढ्यात त्यांचा म्हातारा खोजी, पावलांचा माग काढणारा, आला. माझ्या पावलांवरून उलटा चालत जाऊन आला होता. म्हणाला, माणूस वयस्क आहे, डावा पाय घासतो, आणि वाटेत पाच ठिकाणी थांबलाय. दमून नाही, दमलेला माणूस टाचेवर भार देतो. "क्यों रुके थे, बाबा?" मी म्हणालो, कविता म्हणत होतो. हवालदार हसला, "पढ़े नहीं, और कविता?" मी म्हणालो, ऐकलेली आहे. एका खोट्याला लगेच दुसरं लेकरू होतं.

खेतारामला आत बोलावलं. माझं सांगणं त्याला वाचून दाखवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. उत्तर चुकलेल्या पोराकडे आपण बघतो, तसं. मग म्हणाला, "जो बाबाजी ने लिखाया, ठीक है." म्हाताऱ्या माणसाला खोटं कसं पाडायचं, एवढंच त्याच्या मनात असणार. परतताना फक्त एकदा बोलला: "बाबाजी, पट्टा बांध लो."

दुसऱ्या आठवड्यात तुझा फोन आला. तू हसत सांगितलंस, "आबाजी, शेजारच्या चौकीवर एक बुढा पट्ट्यावर गेलता. दिवसभर साऱ्याइची धावपळ. एवढा पट्टा पुन्हा ओढा लागला." मी म्हणालो, "असं का?" फोन ठेवला आणि बराच वेळ बोरीखाली बसून राहिलो.

हरिदासकडे खेतारामचा नंबर आहे. त्याने मागच्या शनिवारी फोन लावला. चौकशी पुरी होईपर्यंत खेतारामला टेकड्यांवर गाडी न्यायची मनाई आहे. ज्या तंबूवाल्याकडे तो कामाला, त्याने त्याला जीपवरून काढून भांडी घासायला बसवलंय. घरी दोन लहान मुली. हरिदास माझ्यासमोर फोन ठेवून म्हणाला, "प्रेमदास, तूच त मले बोर्ड वाचून दाखोला होता ना बे? मले दिसत नाई, पण आयकू येते."

मी म्हटलं, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे.

"पोरीले विचारलं का तुवा?"

नाही विचारलं. म्हणून हे पत्र. फोनवर माझ्याच्याने झालं नसतं. तुझ्या आजीलाही कालच सांगितलं. ती भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "आंगठा? तुमी?" मग भाजी तशीच ठेवून आत गेली. रात्री ताटात मात्र नेहमीसारखं वांगं वाढलं, त्यावरून समजलो की घरातून काढणार नाही.

तर मुली, मला असं वाटतं की मी त्या चौकीला खरं काय ते लिहून कळवावं. पण त्यात तुझं नाव येईल. तुझ्या वरिष्ठांना तू आधी सांगतेस, की मी थेट लिहू? की राहू देऊ? तू कळवशील तसं करीन. तुझ्या उत्तराची

दारासमोर मोटारसायकल थांबली, म्हणून उठलो होतो. अर्ध्या तासाने पुन्हा लिहायला बसलोय.

पोलीस आहे. घाबरू नकोस. माझाच विद्यार्थी आहे, नागेश मडावी, सातवीला माझ्या वर्गात होता, आता इथल्या ठाण्यात जमादार. मी त्याला वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. दारात बूट काढून पाया पडला आणि मग खिशातून एक कागद काढला. राजस्थानहून आलाय.

"गुरुजी, हे पाहा त. नाव तुमचं, पत्ता तुमचा. पण ह्या माणसाले लिवता-वाचता येत नाई मनते. मी साहेबाले म्हटलं, दुसरा कोनी प्रेमदास असन. मले हिंदी त तुमीच शिकवली." असं म्हणून तो हसला. "वरून आंगठा घ्याले सांगतलं, म्हून हे पॅड आनलं पाहा. मलेच लाज वाटून राह्यली."

कागदावर लिहिलंय, ओळख आणि जबाब पडताळून कळवावा. नागेश म्हणतो, "तुमी नाई म्हना, मी लिवून देतो, असा इसम इथं राहत नाई. मामला खतम." तो मनापासून म्हणतोय. आजीने त्याला चहा दिलाय. ती माझ्याकडे बघत नाही, कपाकडे बघते आहे.

तुला विचारत होतो, पोरी, पण ते विचारणंही एक पळवाटच होती. माझ्या लबाडीचा निकाल तू द्यावास म्हणून हा सगळा कागद. तो तू देऊ नकोस. हे पत्र नागेशच्याच हाती पोस्टात टाकायला देतो. तुझ्यावर काही आलंच तर हे पत्र पुढे कर. कोणी वाचलं तरी चालेल, अक्षर सुवाच्य आहे.

नागेशला म्हटलं, पॅड ठेव खिशात आणि एक कोरा कागद दे. जबाब मी स्वतः लिहितो, हिंदीत. पहिलं वाक्य ठरलंय: मला वाचता येतं, आणि तो बोर्ड मी मोठ्याने वाचला होता. दुसरं: खेतारामने मला थांबायला सांगितलं होतं. तिसरं वाक्य मी त्या चौकीवर, खुर्चीत बसून, गरम चहा हातात घेऊन, नाकारलं होतं. ते असं: सीमा सुरक्षा दलातली जागृती राकेश थूल माझी नात आहे.

तुझा,
आबाजी
प्रेमदास गोविंदा थूल