या खेपेस गुलाबी

प्रिय धम्मदीपदादा,

गुलाबी! पहिला शब्द हाच लिहायचा, असं ठरवूनच कागद घेतला. काल तुझ्या बदललेल्या हृदयातून तपासणीसाठी काढलेले ते तिळाएवढे तुकडे मी स्वतः मेणात बसवले, पातळ कापले, काचेवर घेतले आणि रंगवले. घरच्या माणसाची स्लाइड मी वाचायची नाही, हा आमच्या लॅबचा नियम. रंगवायला बंदी नाही. स्लाइड वाचणाऱ्या मॅडमनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली आणि म्हणाल्या, "नक्को रो दीक्षा, पूरा गुलाबीच है." मी रडतेय हे मला तेव्हा कळलं. तुला सांगायची परवानगीही त्यांनीच दिली. सहीचा रिपोर्ट मागून येईल.

मागची खेप आठवते ना? या रंगात हृदयाचे स्नायू गुलाबी दिसतात. पण शरीर त्या परक्या हृदयावर चालून गेलं, की गुलाबी धाग्यांमध्ये निळ्या ठिपक्यांची गर्दी होते. तेव्हा रडवेली होऊन मी आईला फोनवर एवढंच म्हणाले, "निळं निघालं गं." आणि आपली मालनबाई! निळं म्हणजे आपलंच, ते कधी वाईट असतं होय? तिने "जय भीम!" म्हणत फोन ठेवला आणि अंबरपेठेतल्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. इकडे तुला सलाइनमधून स्टेरॉइड चढतंय आणि तिकडे शेजारी बाबांचं अभिनंदन करतायत! ऐकून तू पोट धरून हसलास. पण त्याच संध्याकाळी शिवानीला म्हणालास, पुन्हा निळं निघालं तर आपलं लग्न विसर. साखरपुडा झालेल्या मुलीला असं सांगतात का रे? तिने ते फक्त मला सांगितलं. मला तुझा फार राग आला होता. अजूनही थोडा आहे.

म्हणून या वेळी दुसरा रंगही मी जीव मुठीत धरून लावला. हल्ला रक्तातून झाला असेल तर बारीक रक्तवाहिन्यांभोवती तपकिरी कडी उमटतात. रंग नीट लागतोय ना, हे पाहायला असा हल्ला झालेल्या दुसऱ्या पेशंटची एक काच सोबत ठेवतात. तिच्यावर कडी उमटली, तुझ्या काचेवर एकही नाही. जिंकलास रे दादा! या खेपेस आईला आधी सगळं समजावलं, मगच निकाल सांगितला. ती म्हणाली, "बरं बाई, काचेवर गुलाबी. झेंडा मात्र निळाच." पेढे आणायला बाबांना पिटाळलंच तिने.

आता म्हणशील, फोन सोडून डब्याच्या पिशवीत पत्र कशाला? आणि तेही मराठीत, जे इथल्या शाळेत नव्हतं म्हणून तू बोट ठेवून अडखळत वाचतोस? मुद्दाम. बदललेल्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात. बातमी तुला आधी कळते, धडधड मागून येते. तोवर धावपळ करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. डबा घेऊन बाबा एकटे आलेले नाहीत. शिवानी कुकटपल्लीला तुझ्या खोलीखाली उभी आहे, लग्नाची तारीख घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणते. फोनवर हे ऐकलं असतंस तर जिन्यावरून उड्या मारत गेला असतास. आता छातीवर हात ठेव. आली ना धडधड मागून? मग जा खाली.

तुझीच,
दीक्षा