शिक्का मारणारा जीन

३ जानेवारी, देवास.
संकल्प: मार्चअखेर पेपर पूर्ण. विषय जुनाच, डुकराचा एक जीन. त्याच्यामुळे स्नायूतल्या प्रथिनांवर युबिक्विटिनचा शिक्का बसतो, आणि शिक्का बसला की पेशी ते प्रथिन मोडून टाकते. डुक्कर उपाशी राहिलं की जीन चेकाळतो, अंगावरचं मांस झडतं. सहा वर्षं हेच बघतोय. याबाबतीत मला कोणी काही शिकवू नये.

१९ जानेवारी.
पट्ट्याला नवीन भोक पाडलं. मॉर्निंग वॉकचा परिणाम. वॉक दोनदाच झाला, पण माझं शरीर आज्ञाधारक आहे.

६ फेब्रुवारी, गंधवानी, जि. धार.
सॅम्पल घ्यायला डुकरं पाळणाऱ्या गोलूकडे. त्याची डुकरं गुटगुटीत. उकिडवा बसलो तो उठताच येईना. गोलूने काखेत हात घालून उभं केलं. म्हणाला, भिया, सूअर तो मस्त हैं, आप सूख रहे हो. त्याला सायन्स काय कळतंय. जीपने अंग आंबलं, एवढंच.

२१ फेब्रुवारी.
लोणच्याची बरणी उघडेना. झाकण फार घट्ट. थोरल्या बहिणीने, अक्काने उघडली. तिला एकाहत्तर पूर्ण झाली. मग बराच वेळ ती माझ्या दंडाकडे बघत राहिली. डॉक्टरकडे जा म्हणाली. पेपर झाला की जाईन.

२ मार्च, सायं. ६.
जिन्यात पडलो. चप्पल बदलायला हवी. पेपरचं शीर्षक फायनल.

९ मार्च.
अक्काने रिक्षाच दारात उभी केली. नाइलाज. डॉक्टरांनी मांडीतल्या स्नायूचा एक तुकडा तपासायला घेतला. निव्वळ फॉर्मॅलिटी. पोरगेलेसे आहेत, त्यांना अर्धा तास जीन समजावला.

१८ मार्च.
अक्काबरोबर रिपोर्ट घ्यायला जाताना माझ्या डुकरांच्या स्लाइड्सचे फोटो नेले. डॉक्टरांनी मनापासून पाहिले. मग कॉम्प्युटरवर एक फोटो लावून स्क्रीन माझ्याकडे वळवला. विचारलं, सर, यात काय दिसतंय. सहा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. एका दमात सांगून टाकलं. तंतू आक्रसलेत, मधे पोकळ्या पडल्यात, जीनने काम फत्ते केलंय. हे डुक्कर आता काही पायावर उभं राहत नाही.
अक्का खिडकीकडे वळली. डॉक्टरांनी फोटोखालचं नाव वाचायला सांगितलं.
नाव माझं होतं. वयसुद्धा बरोबर लिहिलं होतं.
मला भीती वाटते.