नांदुऱ्याचं स्थळ का मोडलं

चिखली,
१४ मे १९७७

तीर्थरूप मामांस, आशाचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत ठीक असेलच असं लिहिणार होते, पण गेल्या रविवारी इथून निघतानाचा तुमचा चेहरा आठवला, म्हणून ते राहू दे. रक्तदाबाची गोळी घेत जा. पंचफुलामामींच्या गुडघ्याला आराम पडला का? आई चार-पाच दिवस नीट जेवत नव्हती, आज तिने अर्धी भाकर खाल्ली.

हे पत्र एकट्याने वाचा आणि चुलीत घाला. धाड गावच्या बाजारात तुम्ही नांदुऱ्याच्या लोकांना जे बोलत फिरताय (मोतीराम कंडक्टरने ते मला भर एसटीत तिकीट फाडता फाडता ऐकवलं), ते थांबावं म्हणून लिहिते आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आईला नागपूरच्या डॉक्टरीणबाईंकडे तुम्हीच नेलं होतं. बाबांना मूल होणार नव्हतं आणि माझा जन्म कुणा अनोळखी विद्यार्थ्याच्या बीजापासून झाला, हे तुम्हा तिघांनाच ठाऊक होतं. बाबा गेल्यावर आईने मला सांगितलं. बाबा ते बाबाच, त्यात फरक पडला नाही. पण त्या विद्यार्थ्याची आणखी मुलं असतील, ती माझी भावंडं, हे काही डोक्यातून जाईना. एकटीने वाढले हो मी. नागपूरला तीन पत्रं टाकली. उत्तर आलं, बाई वारल्या, वह्या वाळवीने खाल्ल्या. मग मी एसटीत लोकांचे चेहरे न्याहाळू लागले. (मेहकरचे एक गृहस्थ घाबरून जागा बदलून बसले. मी शिकवते त्या शाळेत माझ्याविषयी कुजबुज झाली ती त्यामुळेच.)

एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही बाहेर निंबाखाली बसला होता, तेव्हा आत बाकावर आईशेजारी आणखी एक बाई होती. दोघींनी एक दशमी वाटून खाल्ली. दोघींना एकाच विद्यार्थ्याचं दिलंय, असं डॉक्टरीणबाई बोलून गेल्या. नाव-गाव विचारायचं नाही, पुढे भेटलो तरी ओळख द्यायची नाही, असं त्या दोघींनी ठरवलं.

त्या रविवारी तुम्ही आणलेलं नांदुऱ्याचं स्थळ घरात आलं. भगवानराव, त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून असलेला एकुलता महादेव. आईने पाण्याचा गडवा मनकर्णाबाईंच्या हातात दिला आणि दोघींच्या हातून तो सांडला. तुम्ही हसलात. आई आत आली आणि तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, “आशे, बाकावरची तीच बाई हाय. थो पोरगा तुहा भाऊ हाय.”

इतके दिवस जो शोधला त्याच्यापुढे मला डोक्यावर पदर घेऊन पोह्यांची बशी न्यायची होती, मामा. हसताना त्याची एकच भुवई वर जाते. माझी जाते म्हणून तुम्हीच चिडवायचात.

आमच्याकडून नकार दिला तर कारण सांगावं लागणार, म्हणून तो त्यांच्याकडून यावा यासाठी मी काय नाही केलं? स्वयंपाक येत नाही म्हटलं, तर तो म्हणे, “मले खानावळीची सवय हाय.” लंगडून दाखवलं, तर त्याने उठून पाट सरकवला. मी जितकी वाईट वागले तितका तो खुलत गेला (इतका भला भाऊ मिळाला, तोही अशा वेळी). तिकडे तुम्ही सुपारी फोडायला अडकित्ता मागितला. भगवानरावांनी मान डोलावली. आई दारात चौकट धरून उभी. खरं बोलले असते तर एका दमात दोन घरं उघडी पडली असती.

तेव्हा मनकर्णाबाई उठल्या आणि म्हणाल्या, “पोरगी काळी हाय. आमाले पसंत नाही.”

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण पुढचं सगळं तुम्हीच बोललात. त्या खालमानेने ऐकत राहिल्या. नवऱ्याने आणि मुलाने ‘असं काऊन बोलली’ म्हणून तोंडावर सुनावलं, तेही ऐकून घेतलं. जाताना पाणी प्यायचं निमित्त करून आत आल्या, माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि आईला म्हणाल्या, “चांगली वाढवली तुम्ही.” बस्स, एवढंच. आईने पुन्हा भरून दिलेला गडवा तसाच राहिला.

मामा, त्या बाईने सगळ्यांच्या शिव्या खाऊन मला वाचवलं. आता त्यांना नावं ठेवू नका.

तुमची भाची,
आशा

ता. क. : काल महादेवचं पत्र आलं. त्याच्या आईच्या बोलण्याची माफी मागितली आहे आणि आईच्या नाकावर टिच्चून माझ्याशीच लग्न करणार म्हणतो. तेव्हा तुमच्या ओळखीतली एखादी चांगली मुलगी त्याला लवकर दाखवा. राग गिळून नांदुऱ्याला जा. पत्र लिहिलं ते खरं तर यासाठीच.

आणखी एक : जमलं तर त्या लग्नाला मला नक्की न्या. तोवर त्याचं डोकं ठिकाणावर आलेलं असेल. कोणी विचारलंच, तर मी मुलीकडची आहे म्हणून सांगा.